संघप्रियाचा बिल्ड सर्व्हर

संघप्रिया बनसोडे आमच्या ऑफिसात कामाला आली तेव्हा तिच्यासाठी खुर्चीसुद्धा नव्हती. मालक कुलदीपनं खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली, खिडकीपाशी ठेवली आणि म्हणाला, तूर्त इथं बस. तिचं काम तपासणीचं. आम्ही सॉफ्टवेअर बनवायचं, तिनं ते वापरून बघायचं आणि कुठं चुकतंय ते लिहून द्यायचं. पगार कमी, काम कंटाळवाणं. आधीच्या दोन मुली चार-चार महिन्यांत सोडून गेल्या होत्या. हीही जाईल असं मी धरून चाललो होतो.

त्याला आता चार वर्षं झाली. ती गेली नाही. उलट आज आमच्या कंपनीतलं जे काम सगळ्यात भरवशाचं आहे ते तिनं उभं केलेलं आहे. ते कसं उभं राहिलं हे मी जवळून बघितलंय, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला थोडं अडवलंही आहे. म्हणून हे सांगायला मीच बरा.

मी राजशेखर. मूळचा नळदुर्गचा. धाराशिवला बारा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. अर्ध्या गावाला टायपिंग मी शिकवलं, त्यामुळं अजून सगळे मला सरच म्हणतात. कुलदीप माझाच जुना विद्यार्थी. त्यानं रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची कंपनी काढली आणि मला बोलावून घेतलं. तालुक्याच्या गावात दोन खोल्यांत चालणाऱ्या लॅब असतात ना, त्यांच्यासाठी. पेशंटचं नाव, वय लिहायचं, मशीनमधून आकडे घ्यायचे, रिपोर्ट मराठीत छापून द्यायचा. तेव्हा अशा त्रेचाळीस लॅब आमच्याकडं होत्या. ऑफिसात माणसं सात.

यात माझं एक खास काम होतं. आमची पोरं प्रोग्रॅमचे तुकडे लिहायची. ते सगळे तुकडे गोळा करायचे, एकत्र जुळवायचे, मशीनला चालेल असं त्यांचं एक पॅकेज बनवायचं आणि ते लॅबवाल्यांना पाठवायचं. याला आम्ही बिल्ड काढणं म्हणतो. बिल्ड माझ्याच लॅपटॉपवर निघायचं. एकतीस पायऱ्या होत्या आणि त्या सगळ्या माझ्या डोक्यात होत्या. कुठल्या फाइलचं नाव बदलायचं, कुठला आकडा वाढवायचा, कुठल्या पायरीनंतर लॅपटॉप एकदा बंद करून चालू करायचा. दुसऱ्या कुणाला ते जमायचं नाही. मेव्हण्याच्या लग्नातून मी अक्षता पडायच्या आधी परतलो होतो, कारण बिल्ड काढायचं होतं. बायको दोन दिवस बोलली नाही. मला मात्र त्याचा अभिमानच वाटला होता. माझ्यावाचून अडतं, यापेक्षा माणसाला काय पाहिजे?

संघप्रिया तामलवाडीची. वडील राजपाल बनसोडे तुळजापूरच्या एसटी आगारात मेकॅनिक. तिनं धाराशिवला डिप्लोमा केला तोही रोज येऊन-जाऊन. सकाळी तामलवाडीहून तुळजापूर, तिथं गाडी बदलून धाराशिव. नोकरी लागल्यावरही तसंच. मी एकदा विचारलं, बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, तू का नाही गेलीस? ती म्हणाली, "जाईन की सर, इथलं काम संपलं की." मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ती चेष्टा फारशी करत नाही.

तपासणीत तिची नजर बारीक होती. एकच रिपोर्ट ती पाच तऱ्हेच्या पेशंटसाठी छापून बघायची. म्हातारा, गरोदर बाई, तान्हं बाळ, आडनाव नसलेला माणूस, आणि ज्याचं नाव कागदावर मावत नाही असा शरणबसप्पा. चुका सापडल्या की आरडाओरडा नाही. कागद टेबलावर आणून ठेवायची आणि आपल्या जागेवर जाऊन बसायची.

ती आल्याला दहा महिने झाले असतील, तेव्हा एका सोमवारी सकाळी नळदुर्गहून शिवकन्याबाईंचा फोन आला. शिवकन्याबाईंची तिथं लॅब आहे; आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक. त्यांच्याकडं सात महिन्यांच्या बाळाचं रक्त तपासायला आलं होतं. रिपोर्टवर ते बाळ सात वर्षांचं झालं होतं. बाळाच्या रक्तात काय किती असावं आणि सात वर्षांच्या पोराच्या रक्तात किती, याचे आकडे वेगळे असतात. त्यामुळं चांगल्या आकड्यांपुढं वाईटाची खूण छापून आली होती. बाईंनी ते वेळीच बघितलं, रिपोर्ट हातात दिला नाही, सगळं हातानं लिहून दिलं आणि मग आम्हाला फोन केला. त्या रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "सर, मी बघितलं म्हणून बरं. दुसऱ्या कुणी बघितलं नसतं तर?"

आम्ही त्या दिवशी सगळ्या लॅबना फोन करून जुन्या व्हर्जनवर आणलं. बाळांचे आणखी चार रिपोर्ट निघाले होते. चारही ठिकाणी फोन करून बदलून दिले. सुदैवानं कुणाला त्रास झाला नाही. दुपारी कुलदीपनं सगळ्यांना बसवलं आणि संघप्रियाला विचारलं की वय महिन्यांत लिहून तू बघितलं नव्हतंस का. तिनं वही उघडली. शुक्रवारी बघितलेलं होतं, तारीख-वेळ लिहिलेली होती, सात महिने, अकरा महिने, दोन दिवस, तिन्ही बरोबर. मग ती माझ्याकडं वळली.

"सर, मी तपासलं ते आणि तुम्ही पाठवलं ते एकच होतं का?"

एकच नव्हतं. शनिवारी मी वयाच्या भागात एक सुधारणा करायला घेतली होती आणि अर्धवट ठेवली होती. ती माझ्या लॅपटॉपवर तशीच पडून होती. रविवारी घाईत बिल्ड काढलं त्यात ती गेली. पायरी क्रमांक चार म्हणजे अर्धवट काम बाजूला काढायचं. ती मी विसरलो होतो. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी तसं सगळ्यांसमोर कबूल केलं. 

दोन दिवसांनी संघप्रियानं कुलदीपकडं जुना कॉम्प्युटर मागितला. लॅबवाल्यांचे फोन घ्यायच्या टेबलाखाली एक पडलेला होता, धूळ खात. तिला त्यावर बिल्ड सर्व्हर बसवायचा होता. म्हणजे असं, की पोरांनी लिहिलेलं काम जिथं एकत्र ठेवलेलं असतं तिथं हे मशीन दर पाच मिनिटांनी डोकावणार. काही नवं आलेलं दिसलं की आपणहून सगळे तुकडे गोळा करणार, बिल्ड काढणार, ठरवून दिलेल्या चाचण्या घेणार. सगळ्या चाचण्या पास झाल्या तर पडद्यावर हिरवा रंग, एक जरी नापास झाली तर लाल. आणि हिरवा झाल्याशिवाय पॅकेज लॅबकडं जाणारच नाही. कुणीही घाईत असलं तरी. जेनकिन्स नावाची व्यवस्था त्यासाठी फुकट मिळते, तिनं घरी आपल्या जुन्या लॅपटॉपवर ती बसवून बघितली होती.

कुलदीपनं माझं मत विचारलं. मी म्हणालो, मोठ्या कंपन्यांची थेरं आहेत ही, सात माणसांच्या ऑफिसला कशाला पाहिजेत. एकतीस पायऱ्या आहेत, त्या मशीनला कशा कळणार. हे बोलताना मला ठाऊक होतं की मी घाबरलो आहे. माझी चूक झाली होती, त्यात आता माझं कामही जाणार. संघप्रियानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की सरांनी पायऱ्या सांगितल्या तरच जमेल, नाहीतर नाही. म्हणजे निर्णय तिनं माझ्यावरच टाकला. आता मी नाही म्हणालो असतो तर ते सगळ्यांना दिसलं असतं.

मी तिच्या शेजारी बसून पायऱ्या सांगू लागलो. ती एकेक लिहून घ्यायची आणि प्रत्येकीला विचारायची, ही का करायची? एकतीसपैकी नऊ पायऱ्यांचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. कधीतरी एकदा काहीतरी अडलं होतं, तेव्हा तसं केल्यावर चाललं, मग तेच धरून बसलो. लॅपटॉप बंद करून चालू करणं त्यातलंच. त्या नऊ गाळल्या तरी काही बिघडलं नाही.

पण काम सोपं नव्हतं. पहिलं बिल्ड लाल. दुसरं लाल. सलग सोळा दिवस लालच. माझ्या लॅपटॉपवर जे निमूट चालायचं ते त्या मशीनवर चालेचना. एकदा कारण निघालं की लोगोच्या फाइलचं नाव इंग्रजी मोठ्या लिपीत होतं आणि प्रोग्रॅममध्ये लहान लिपीत लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपला दोन्ही सारखंच, नव्या मशीनला ते चालत नव्हतं. ते दुरुस्त केलं तर रिपोर्टवरची मराठी नावं जाऊन तिथं नुसती प्रश्नचिन्हं. मशीनला मराठी अक्षरं वाचायला सांगणारी एक सेटिंग राहिली होती, ती शोधायला तिचे चार दिवस गेले. मग वीज गेली. आली, पण मशीन आपणहून उठेना. वीज आली की मशीननं स्वतः चालू व्हायचं आणि जेनकिन्सनंही, हे तिनं बसवलं आणि मग स्वतः तीनदा प्लग काढून बघितलं.

सगळ्यात शेवटी एक अडचण राहिली. बिल्ड अर्ध्यावर जायचं आणि एक तुकडा सापडत नाही म्हणून थांबायचं. ती शोधत शोधत माझ्या लॅपटॉपपर्यंत आली. एका जुन्या फोल्डरमध्ये सहा वर्षांपूर्वी मी एक फाइल ठेवली होती. बिल्डला ती लागायची. ती दुसरीकडं कुठंही नव्हती. ना ऑफिसात, ना कुठल्या कॉपीत. तिनं ती फाइल दाखवली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, हा लॅपटॉप बसमध्ये राहिला असता तर?"

मी रोज तो लॅपटॉप पाठीवर घेऊन स्कूटरनं हिंडत होतो. पावसात, बाजारात, सासरवाडीला. ज्याचा मला अभिमान होता तो खरं तर कंपनीच्या गळ्याला लागलेला फास होता, आणि ते मला शेहेचाळिसाव्या वर्षी त्या मुलीकडून कळलं. मी फाइल तिच्या हवाली केली. दुपारी तीन-साडेतीनला पहिला हिरवा आला. ती खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही. एकदा हिरवा आला तर तो योगायोग असू शकतो म्हणून तिनं सगळं पुसून पुन्हा चालवलं. पुन्हा हिरवा. मग तिनं डबा उघडला. सकाळपासून जेवलीच नव्हती.

पुढचे दोन महिने तिचं लक्ष चाचण्या लिहिण्यावर होतं. तिच्या वहीत जे जे होतं ते सगळं ती मशीनला शिकवत गेली. तान्हं बाळ, गरोदर बाई, लांब नावाचा शरणबसप्पा, सगळे आता दर बिल्डला आपोआप तपासले जाऊ लागले. बासष्ट चाचण्या झाल्या. भिंतीवर एक जुना मॉनिटर लावला, त्यावर हिरवा नाहीतर लाल ठळक दिसायचा. पोरांना त्याची सवय झाली. मलाही, हळूहळू. रविवारी मी घरी असायला लागलो.

त्या उन्हाळ्यात राजपालभाऊ ऑफिसात आले. एसटीच्या विभागीय कार्यालयात काही काम होतं, ते उरकून लेकीला भेटायला वर आले. उंच, काटक माणूस, बोटांच्या रेघांत ग्रीसचा काळेपणा कायमचा बसलेला. मी चहा सांगितला. संघप्रियानं त्यांना मॉनिटर दाखवला आणि घरच्या भाषेत समजावून सांगितलं की हे मशीन काय करतं, हिरवा म्हणजे काय, लाल म्हणजे काय. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "ह्यानं याआधी लाल कवा दाखवलं?"

ती म्हणाली, बऱ्याच दिवसांत नाही, सगळं हिरवंच आहे. तिच्या आवाजात आनंद होता.

राजपालभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्याकडं गाडीत ब्रेकच्या हवेचा काटा असतो. त्यो रोज एकाच जागी नीट उभा दिसला, तर आमी आधी काट्यावर संशय घेतो. गाडीवर मागनं." एवढं बोलून ते तुळजापूरची गाडी गाठायला निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं.

संघप्रिया परत आपल्या जागेवर येऊन बसली. मग तिनं एका प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चूक केली. बाळाचं वय महिन्यांऐवजी वर्षांत, माझ्यासारखीच. पाच मिनिटांनी मशीननं ते उचललं, बिल्ड काढलं, चाचण्या घेतल्या. आणि हिरवा दाखवला.

मी शेजारीच होतो. तिचा चेहरा उतरलेला मी तेवढा एकदाच पाहिला. तासाभरात कारण सापडलं. चाचण्यांचा निकाल एका फाइलमध्ये लिहून ठेवावा म्हणून तिनं काही दिवसांपूर्वी शेवटी एक आज्ञा जोडली होती. मशीन शेवटच्या आज्ञेचं ऐकतं. निकाल फाइलमध्ये नीट लिहिला गेला की मशीनच्या लेखी सगळं ठीक. तो निकाल नापासाचा आहे की पासाचा, हे ते बघतच नव्हतं. एकोणीस दिवस ते डोळे झाकून हिरवा दाखवत होतं.

तिला ते गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. मी सोडून कुणाला कळलं नसतं, आणि मी बोललो नसतो. तिनं आधी कुलदीपला बोलावलं, मग सगळ्यांना, आणि काय झालं ते उभं राहून सांगितलं. मग एकोणीस दिवसांतल्या एकतीस बिल्डांचे निकाल एकेक वाचून काढले. एका बिल्डात एक चाचणी नापास होती. रिपोर्टच्या खाली डॉक्टरची सही छापायची जागा सरकली होती, आणि ते व्हर्जन चौदा लॅबमध्ये गेलं होतं. आकड्यांत काही चूक नव्हती. तरी तिनं चौदाच्या चौदा ठिकाणी स्वतः फोन केले, चूक माझी आहे असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हर्जन पाठवलं. कुलदीप तिला एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." त्या दिवसापासून त्याच्या वागण्यात फरक पडला. कामाचं काही ठरवायचं असलं की तो आधी तिच्याकडं बघायचा.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ती मशीनला एक मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम देते. मशीननं लाल दाखवला तरच आठवड्याचं काम सुरू होतं. मी बाहेरच्या मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं. त्यातला एक म्हणाला, आमच्याकडंसुद्धा असं कुणी करत नाही. मी त्याला सांगितलं की हे आम्हाला एसटीच्या मेकॅनिकनं शिकवलं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात माझ्या पित्ताशयात खडे निघाले. सोलापूरला ऑपरेशन ठरलं. आठ-नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच सलग आठ दिवस ऑफिसात नसणार होतो. सवय जाईना, दवाखान्यात जाताना मी फोनचा चार्जर दोनदा तपासून घेतला. दिवस डेंग्यूचे होते. सगळ्या लॅबमध्ये गर्दी, प्लेटलेटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. अशात काही अडलं तर पोरं मलाच फोन करणार, असं मी बायकोला सांगून ठेवलं. 

ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जागाच होतो. फोन उशाशी. सकाळ गेली, दुपार गेली. फोन वाजला नाही. पाचच्या सुमाराला वाजला तो शिवकन्याबाईंचा. तब्येत विचारायला केला होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या की सकाळी त्यांच्या लॅबमध्ये मोठा घोळ झाला होता. रक्त तपासायचं नवीन मशीन आणलं होतं, ते प्लेटलेट हजारांत मोजून पाठवायचं, आणि आमचं सॉफ्टवेअर तो आकडा लाखांत समजायचं. दीड लाखाच्या जागी दीडशे लाख छापून येत होतं. त्यांनी दहा वाजता ऑफिसात फोन केला. चार वाजता नवीन व्हर्जन त्यांच्या कॉम्प्युटरवर आलं आणि आकडे बरोबर झाले.

"तुम्ही सांगितलं असंल ना त्यांना काय करायचं ते?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही. मला कुणी विचारलंच नाही.

मधल्या वेळात काय झालं होतं ते मी लगेच कुलदीपला फोन करून विचारून घेतलं. कुलदीपनं दुपारी बारापर्यंत दुरुस्ती लिहिली होती. आमच्या बिल्डच्या मशीननं लाल दाखवला. नव्या मशीनचा आकडा बरोबर झाला होता, पण त्या नादात जुन्या मशीनवाल्या चाळीस लॅबचा आकडा बिघडला होता. आधीच्या पद्धतीनं ते तसंच बाहेर गेलं असतं, आणि डेंग्यूच्या साथीत चाळीस ठिकाणी चुकीचे आकडे छापले गेले असते. कुणाला उगाच रक्त चढवलं असतं, कुणाला चढवायचं राहिलं असतं. कुलदीप घाईत होता. लॅबवाले ताटकळले होते. त्यानं संघप्रियाला म्हटलं की एवढ्या वेळी तपासणी बाजूला ठेवून फक्त शिवकन्याबाईंपुरतं पाठवता येईल का. ती नाही म्हणाली. मालकाला. हिरवा आल्याशिवाय कुणालाच काही जाणार नाही, तोवर बाईंनी प्लेटलेट हातानं लिहावेत, आणि बाईंना ते मी स्वतः सांगते, असं म्हणाली. कुलदीपनं पुन्हा लिहायला घेतलं. तिसऱ्या वेळेला, सव्वातीन वाजता, हिरवा आला.

कुलदीपचा फोन मी ठेवला. माझ्यावाचून सगळं झालं होतं, आणि नीट झालं होतं. पहिल्यांदा मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. मग मला त्या चाळीस लॅब आठवल्या, त्यांच्या बाहेर बाकड्यावर बसलेली तापाची माणसं आठवली. आणि हळूहळू जे वाटायला लागलं ते माझ्या क्लासमधल्या एखाद्या पोराचा पहिला नंबर आला तेव्हा वाटायचं त्यासारखं होतं, पण त्याहून मोठं. मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी डोळे मिटून पडा." मी फोन तिच्या पिशवीत टाकायला दिला आणि झोपलो.

आज आमच्याकडं एकाहत्तर लॅब आहेत. संघप्रियाच्या टेबलावर बिल्ड अभियंता अशी पाटी आहे, आणि खुर्ची चांगली, चाकांची. बासष्टच्या तीनशे चाचण्या झाल्यात. मागच्या हिवाळ्यात सोलापूरच्या एका कंपनीनं तिला जवळजवळ दुप्पट पगारावर बोलावलं. तिनं दोन दिवस विचार करायला घेतले आणि कुलदीपला येऊन सरळ विचारलं, की मला इथं काय करू द्याल? त्यानं पगार वाढवला, तो वाढवायलाच पाहिजे होता. पण तिनं दुसरंही एक मागून घेतलं. सर्व्हर कसा बसवायचा, कसा दुरुस्त करायचा, हे सगळं तिला मराठीत लिहून काढायचं होतं, म्हणजे ती नसली तरी अडणार नाही. एवढं एक काम तिनं वेळ घेऊन केलं. बेचाळीस पानं झाली.

ती पानं पहिल्यांदा तपासायला तिनं मला निवडलं. एका शनिवारी तिनं मला एक रिकामा कॉम्प्युटर दिला, पानं दिली आणि सांगितलं, "सर, ह्यात लिहिलंय तेवढंच करायचं. मला काही विचारायचं न्हाय. जिथं अडंल तिथं खूण करा." मग ती खिडकीपाशी आपलं काम करत बसली. मला दोन दिवस लागले. अकरा ठिकाणी खुणा केल्या. चार ठिकाणी माझंच चुकलं होतं, सात ठिकाणी तिनं लिहिलेलं अपुरं होतं. ती सातही तिनं माझ्यासमोर दुरुस्त केली.

रविवारी दुपारी माझ्या हातानं बसवलेल्या सर्व्हरवर पहिला हिरवा आला. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. मी तिला हाक मारली. ती आली, वाकून पडदा नीट वाचला, आणि म्हणाली की आता सगळं पुसून पुन्हा एकदा चालवा. मी पुसलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.